‘ठ’वरून दोन अक्षरी शब्द पाठवा (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-३०२ (बाई): नमस्कार मंडळी. गणपतीतल्या शब्दकोड्याचं काम यंदा माझ्याकडे आलंय. दहा बाय दहाची चौकट आखली, मोठे शब्द बसले. अडलंय ते लहान शब्दांपाशी. दोन अक्षरी शब्द हवेत, सुरुवात ठ, ढ, झ, ऐ किंवा ऊ. सुचतील तसे इथेच टाका.

ए-१०४: ठेव, ठाव, ठोक.

सी-२०१: ढोल, ढाल, ढीग, ढेप 🙂

ए-४०३: झाड, झेप, झोप, झूल. आमचे चिरंजीव दिवसभर नाव-गाव-फळ-फूल खेळतात, त्यांनीच सांगितले.

बी-३०२ (बाई): सगळे शब्द चांगले आहेत, पण माझंच सांगायचं राहिलं. नाव-गाव-फळ-फूल खेळताना ‘ठ’ आला की ठा, ठि, ठे अशी अख्खी बाराखडी चालते. कोड्यात तसं नसतं. एका घरात अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट बसतं. माझ्याकडे उभा शब्द आहे ‘ओठ’. त्याच्या खालच्या घरात नुसता ठ आहे, मात्रा नसलेला. तिथून आडवा शब्द सुरू करायचाय. ‘ठेव’ तिथे बसवला तर उभा शब्द ‘ओठे’ होईल.

ए-१०४: अच्छा. मग ठग, ठक?

बी-३०२ (बाई): दोन्ही चालतील. पण शेजारच्या रांगेतही शब्द व्हायला हवा. तासभर खटपट केल्यावर हे जमलं:

ओ घ
ठ सा

आडवे वाचा: ओघ, ठसा. उभे वाचा: ओठ, घसा. चार घरांत चार शब्द, आणि चारही रोजच्या बोलण्यातले. असे छोटे चौकोन मला कोपऱ्यांसाठी हवेत.

ए-४०३: वा बाई! पोरगा वही घेऊन बसलाच.

सी-३०५: बाई, एवढा त्रास कशाला? इंटरनेटवर अक्षर टाकलं की त्यावरून सुरू होणाऱ्या शब्दांची यादी मिळते. किती अक्षरी हवा तेही निवडता येतं.

बी-३०२ (बाई): गेल्या वर्षी तसंच केलं होतं रे. एका ॲपवरून तयार कोडं काढलं. ‘पुस्तक’ या शब्दाला सहा घरं दिलेली! पोरं रडकुंडीला आली, आणि त्यांना वाटलं आपल्यालाच मराठी येत नाही. मला ते फार लागलं.

सी-३०५: सहा कशी आली ते आत्ता लक्षात आलं. युनिकोडमध्ये प, उकार, स, हलन्त, त, क अशी सहा वेगवेगळी चिन्हं साठवलेली असतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तीच मोजली असणार. आपल्या हिशेबाने पु, स्त, क अशी तीनच घरं.

बी-३०२ (बाई): बरोब्बर. जोडाक्षराला एकच घर. म्हणजे त्या याद्यांमध्ये ‘ठसा’ तीन अक्षरी धरला जातो का?

सी-३०५: हो. ठ, स आणि काना. ‘दोन अक्षरी’ निवडलं तर ठग, ढग असे बिनमात्रांचेच मिळतील. ठसा, झरा, झगा, ऋतू सगळे गळणार.

बी-३०२ (बाई): म्हणूनच मी तुम्हाला विचारतेय. शब्दकोशात बघायचं तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहेच, १९३२ ते १९३८ मध्ये निघालेले सात खंड. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्तीही आहे. दोन्ही आता इंटरनेटवर बघायला मिळतात. कोशात प्रत्येक अक्षराखाली आधी बिनमात्रांचे शब्द येतात, मग काना, मग वेलांटी. ‘ठ’ची पहिली काही पानंच चाळायची, काम होतं. पण कोशातला शब्द लोकांच्या तोंडात आहे की नाही, ते कोश सांगत नाही. ते तुम्ही सांगणार.

सी-२०१: बाई, माझ्या ‘ढेप’चं काय? मात्रा आहे, पण दुसरीकडे कुठे बसेल?

बी-३०२ (बाई): बसेल. सूचना लिहिली आहे, ‘गुळाची असते’.

सी-२०१: आमच्या कोल्हापूरकडे बाजारात गुळाचा रवा म्हणतात. ढेप सगळ्यांना कळते म्हणा.

ए-१०४: आम्हा नागपूरकडच्यांना ढेप म्हटलं की आधी सरकीची आठवते, जनावरांना घालतात ती. इथे आल्यावर कळलं की तिला पेंड म्हणतात.

बी-३०२ (बाई): हे मला माहीत नव्हतं! सूचना बदलते: ‘गुळाचीही, सरकीचीही’. आता दोन्हीकडच्यांना सुटेल.

ए-२०२ (सेक्रेटरी): मध्येच लिहितोय, माफ करा. उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी १० ते दुपारी १ पाणी बंद. आजच भरून ठेवा.

सी-२०१: 👍

ए-४०३: बाई, पोरगा विचारतोय, ळ वरून एकही शब्द का नाही? खेळताना ळ आला की ते ल धरतात.

बी-३०२ (बाई): त्याला फोन दे, वाचू दे. बाळा, संस्कृतात शब्दाच्या मध्ये, दोन स्वरांच्या मधोमध आलेला ल मराठीत येताना ळ झाला. फलचं फळ, कालचा काळ, नीलचा निळा. शब्दाच्या सुरुवातीला मात्र ल तसाच राहिला. लज्जाची लाज झाली, ळाज नाही. म्हणून ळ नेहमी मध्ये किंवा शेवटी भेटतो. ण चंही तसंच. भगिनीची बहीण, पानीयचं पाणी, पण नामचं नाव. तू चौकोन करशील तेव्हा ळ ला उजवीकडे खालच्या कोपऱ्यात बसव, कारण तिथून ना आडवा शब्द सुरू होतो ना उभा. हा बघ:

ढ ग
ब ळ

ढग, बळ, ढब, गळ. गळ म्हणजे मासे धरायचा.

सी-५०२: बाई, ण वरून आमच्याकडे एक शब्द आहे. णमोकार. रोज म्हणतो आम्ही.

बी-३०२ (बाई): अगदी बरोबर! तो मंत्र प्राकृतातला, आणि प्राकृतात शब्दाच्या सुरुवातीलाही ण चालतो. ण-मो-का-र, चार घरं. डावीकडे एक उभी रांग कधीची अडली होती, तिथे घेते. सूचना तुम्हीच लिहून द्या. तुमच्या घरातला शब्द आहे, मी लिहिण्यापेक्षा तुमची सूचना नेमकी होईल.

सी-५०२: लिहितो. आईलाही विचारतो.

सी-३०५: ऊ वरून ऊस, ऊन, ऊब, ऊद. उशीपण चालेल ना? ऊस आडवा, उशी उभी, एकाच घरातून.

बी-३०२ (बाई): नाही चालणार. ऊस दीर्घ, उशी ऱ्हस्व. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम बघ. मराठी अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ: ऊस, वीट, फूल. उशीत शेवटची शी दीर्घ, आधीचा उ ऱ्हस्व.

सी-२०१: बाई, स्पर्धा आहे, परीक्षा नाही. ऱ्हस्व-दीर्घाला थोडी सूट द्या ना. नाहीतर निम्मे लोक कागद हातात घेणार नाहीत.

बी-३०२ (बाई): लिहिणाऱ्याला सूट देते. कुणी घाईत ‘उस’ लिहिलं तर गुण कापणार नाही. पण चौकट आखताना मी सूट घेणार नाही. आडवा-उभा शब्द एकमेकांना सांभाळतात, तिथेच मुलांना ऊस दीर्घ आहे हे न शिकवता कळतं. ते मला सोडवत नाही.

सी-२०१: हे पटलं.

बी-१०१ (काका): बाई, डोळ्यांच्या ऑपरेशनपासून मला बारीक अक्षर दिसत नाही. कोडं नात वाचते, मी उत्तर सांगतो, ती लिहिते. हा मेसेजही तीच लिहितेय. ऐ चे शब्द घ्या: ऐन, ऐट, ऐल. ऐन म्हणजे वेळेचा नाही, झाड. आमच्या गावी घराच्या तुळया ऐनाच्या होत्या. ऐल म्हणजे नदीचा अलीकडचा काठ. शाळेला जायला रोज पैलतीरावर जावं लागायचं. पावसात नाव बंद असली की ऐलतीरावर उभं राहून पलीकडची घंटा ऐकायची.

बी-३०२ (बाई): काका, ऐ चं ळ च्या उलट आहे. शब्दाच्या मध्ये तो जवळजवळ येतच नाही, म्हणून त्याला डावीकडचा वरचा कोपराच लागतो. सकाळपासून तो कोपरा रिकामा होता. तुमच्या दोन शब्दांनी भरला:

ऐ न
ल स

ऐन, लस, ऐल, नस. ऐनची सूचना ‘तुळईचं लाकूड देणारं झाड’. ऐलची ‘नदीचा अलीकडचा काठ’.

बी-१०१ (काका): आजोबा हसतायत. ते म्हणतात घरं मोठी छापा.

बी-३०२ (बाई): ए-थ्री कागदावर छापू, एक घर एक इंचाचं. सेक्रेटरी, छपाईचं तेवढं बघाल का?

ए-२०२ (सेक्रेटरी): बघतो. किती प्रती?

बी-३०२ (बाई): मोठ्या दहा, बाकी साध्या साठ. फक्त उजवीकडचा वरचा कोपरा राहिलाय, झ चा. तो आज रात्री बघते.

ए-४०३: थांबा बाई, पोराने केलंय काहीतरी. मी मदत केलेली नाही. जसंच्या तसं टाकते:

झ रा
ड ग

झरा, डग, झड, राग. डग म्हणजे मोठं पाऊल, असं आजीला फोन करून विचारलं म्हणे.

बी-३०२ (बाई): चारही शब्द खरे आहेत, मात्रा बरोबर आहेत, आणि माझ्या चौकटीत राग खाली वाढवून ‘रागवणे’ करता येतो. कोपरा भरला. त्याला सांग, सूचनाही त्यानेच लिहायच्या, चारही. उद्या पाणी बंद आहे तेव्हा दहा वाजता वही घेऊन वर पाठव.