अभ्यासकाची हरकत इतिवृत्तात यावी की नाही?

कुर्लेकर: खाडीकाठच्या गावांच्या विकास आराखड्यासाठी आमच्या गटाने एका सरकारी विभागाबरोबर दोन वर्षं काम केलं. शेवटच्या बैठकीत विभागाच्या साहेबांनी मसुद्यातला 'पूरप्रवण' शब्द पेन्सिलीने खोडला आणि वर 'सखल' लिहिलं. मी हरकत घेतली, चांगला अर्धा तास वाद झाला. इतिवृत्तात आलं ते एवढंच: 'सविस्तर चर्चा झाली.' मतभेद होणारच. मिटले नाहीत तर दोन्ही बाजू कारणांसह लिहा, आणि ही अट करारातच घाला. पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये केंद्राकडे गेला. लोकांच्या हाती तो पडला मे 2012 मध्ये, तोही माहिती अधिकार आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जाऊन. दडवलेल्या कागदावर विश्वास कोण ठेवणार?

निवृत्त कक्षाधिकारी: ताई, माझा उभा जन्म मंत्रालयात फायलींमध्ये गेला. प्रत्येक हरकत इतिवृत्तात घेतली की उद्या तीच कोर्टात प्रतिज्ञापत्राला जोडून येते. मग अधिकारी अभ्यासकांना बोलावणंच बंद करतील. 'पूरप्रवण' लिहिलं की त्या गावातली बांधकामं, कर्जं अडतात, आणि लोक जाब विचारतात तो अधिकाऱ्याला. शिवाय अर्थसंकल्प मार्चमध्ये, तुमचा अहवाल जूनमध्ये! वाद चहावर मिटवावा, कागदावर निर्णय यावा. 1984 च्या दांडेकर समितीने अनुशेषाचा, म्हणजे राज्यातल्या मागे पडलेल्या भागांच्या राहून गेलेल्या विकासाचा, थेट आकडा दिला, 3186 कोटी. सरकारला असं काही हातात लागतं.

कुर्लेकर: साहेब, कर्जाचा मुद्दा मान्य. तो आम्ही विचारातच घेतला नव्हता, ही आमची चूक. पण दांडेकर समिती माझ्याच बाजूने बोलते. कोण किती मागे हे मोजायला राज्याची सरासरी हा निकष त्यांनी उघड मांडला, म्हणून तर विदर्भ-मराठवाड्याला त्यावर भांडता आलं.

मालाड पूर्वचा एक वाचक: तुम्ही दोघं एकमेकांशीच भांडताय. आमचं गाव पेणजवळ. 2005 च्या पुराचं पाणी जिथवर चढलं तिथे आजोबांनी ओटीच्या भिंतीवर खिळ्याने रेघ ओढून ठेवलीय, माझ्या खांद्याएवढी. ती बघून 'सखल' कोण म्हणेल? गावकऱ्यांना बैठकीत बसवा.

निवृत्त कक्षाधिकारी: जरूर बसवा. पण तेच म्हणाले, 'पूरप्रवण लिहू नका, जमिनीचा भाव पडेल', तर?

कुर्लेकर: तर तेही लिहायचं. रेघही, आणि त्यांची हरकतही.