ब्रेड मशीन घेऊ की नको? उद्यापर्यंत कळवायचंय

घाईगर्दी:
मंडळी, ब्रेड मशीन घ्यावं का? ओळखीतले एक जण वापरलेलं देतायत, त्यांना उद्या हो-नाही सांगायचंय. जिथे वाचावं तिथे निम्मे म्हणतात घ्याच, निम्मे म्हणतात माळ्यावर जातं. घेऊ की नको तेवढं सांगा, ब्रेडचा इतिहास नको.

तिंबणकर:
मशीन किती मापाचं, खाणारी माणसं किती, आठवड्यातून ब्रेड किती वेळा लागतो, ओव्हन आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.
तोवर वापरलेल्या मशीनची तपासणी सांगतो. भांडं बाहेर काढा, उलटं करा, तळाचा दांडा हाताने फिरवा. सहज फिरला पाहिजे, पण डगमगता कामा नये. मग भांड्यात दोन पेले पाणी घालून ते कोरड्या कागदावर तासभर ठेवा. कागद ओला झाला तर दांड्याचं सील गेलंय. लोक धुताना अख्खं भांडं पाण्यात बुडवून ठेवतात, त्यातून हे होतं. भांड्याचा नॉनस्टिक थर उडालेला असेल तर तिथेच नाही म्हणा. आणि पीठ मळायचं पातं आहे ना बघा. ते ब्रेडच्या तळाला अडकून बाहेर येतं, मग हरवतं.

मळणं_कशाला:
मशीनच नको. ५०० ग्रॅम मैदा, ३७५ मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट. चमच्याने कालवून झाकून १२ ते १४ तास ठेवा. गोळा करून आणखी तासभर. जाड बुडाचं, झाकणाचं भांडं ओव्हनमध्ये २३० अंशांवर तापवून त्यात ३० मिनिटं झाकून, मग १५ मिनिटं उघडं भाजा. असं कुरकुरीत कवच मशीन जन्मात देणार नाही. वर ब्रेडच्या बुडाला पात्याचं भोक.

तिंबणकर:
ज्यांना उद्या उत्तर द्यायचंय त्यांना १४ तासांची कृती! शिवाय ओव्हन आहे हे तुम्हीच ठरवलंत. मशीन साध्या ब्रेडला मळण्यापासून भाजण्यापर्यंत तीन ते चार तास घेतं, त्यात तुमचं काम पाच मिनिटांचं. भोकाचं म्हणाल तर शेवटचं मळणं झालं की ओल्या हाताने गोळा उचला, पातं काढा, गोळा परत ठेवा. मग दांड्याएवढाच खळगा राहतो.

कणीकोबा:
मैद्याचं सोडा, कणकेचं बोला. मशीनवर खापर फोडणारे बहुतेक जण मैद्याचं पाणी कणकेला घालतात आणि वीट काढतात. कोंडा पाणी पितो. ५०० ग्रॅम मैद्याला ३१० मिली पुरत असेल तर कणकेला ३६० पासून सुरुवात करा. मळणं सुरू झाल्यावर सात-आठ मिनिटांनी झाकण उघडून बघा. गोळा भांड्याच्या कडा सोडून फिरत असेल आणि बोटाला किंचित चिकटत असेल तर बरोबर. मोटर कण्हत असेल तर चमचाभर पाणी. बुडाशी चिखल असेल तर चमचाभर पीठ, एकदम वाटीभर नाही. वेगळं मिळणारं कोरडं ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) २० ग्रॅम मिसळलंत तर चांगला फुगतो.

रात्रपाळी:
रात्री टायमर लावून सकाळी गरम ब्रेड हवा असेल तर दूध-अंडी घालू नका, आठ तास उबेत राहून नासतात. पाणी तळाला, त्यावर पीठ, मीठ-साखर कडेला, यीस्ट सगळ्यात वर कोरड्या खळग्यात. ते आधीच भिजलं तर पीठ वेळेआधी फुगून भाजताना मधोमध बसतं.

मळणं_कशाला:
टायमरबद्दल कोणी विचारलं?

रात्रपाळी:
इतिहासाबद्दलही कोणी विचारलं नव्हतं, तरी धागाकर्त्याने नको म्हटलंच की. बसण्यावरून आठवलं: मीठ विसरलं, पाणी जास्त झालं किंवा हवा गरम असली तरी मधोमध बसतं. उन्हाळ्यात गार पाणी घ्या आणि यीस्ट पाव हिश्शाने कमी करा.

घाईगर्दी:
सगळं वाचलं. पण गव्हाचा ब्रेड नकोय हो. मुलीला सिलिअ‍ॅक निघालंय, डॉक्टरांनी ग्लूटेन पूर्ण बंद केलंय, म्हणून तर मशीन. लिहायचं राहिलं. घेऊ का?

कणीकोबा:
अरे देवा. माझा प्रतिसाद रद्द समजा, ते ग्लूटेन तर मुळीच नको.

तिंबणकर:
मग हे मशीन घेऊ नका, कितीही चांगलं असो. आत्तापर्यंत त्यात गहूच मळला गेलाय. दांड्याच्या फटीत, पात्याच्या भोकात, झाकणाच्या कडेला पीठ बसलेलं असतं, ते धुऊन पूर्ण निघेल याची खात्री नाही. आणि सिलिअ‍ॅकमध्ये कणभर गहूही चालत नाही. घ्यायचंच तर कोरं आणि ग्लूटेनमुक्त ब्रेडचा वेगळा प्रोग्रॅम असलेलं. साध्या प्रोग्रॅममध्ये पीठ फुगल्यावर पातं पुन्हा फिरून ते दाबतं. गव्हाचं पीठ पुन्हा फुगतं, हे फुगत नाही.

मळणं_कशाला:
इथे मळायला ग्लूटेनच नाही, मग मळायचं यंत्र कशाला? ४०० ग्रॅम पीठ (अर्धं तांदळाचं, उरलेलं टॅपिओकाचा आणि बटाट्याचा स्टार्च), २० ग्रॅम इसबगोल, ७ ग्रॅम यीस्ट, ८ ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम साखर, दोन चमचे तेल. इसबगोल आधी ४०० मिली कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, जेली झाली की बाकीचं कालवा. घट्ट भज्यांच्या पिठासारखं दिसेल, घाबरून पीठ वाढवू नका. तेल लावलेल्या कोऱ्या टिनमध्ये भरून एकदाच फुगवा. कडेच्या बोटभर खाली आलं की १९० अंशांवर ५५ ते ६० मिनिटं. पूर्ण गार होईपर्यंत कापू नका, आत चिकट लागतो. इतकं सांगतोय, पण ओव्हन आहे का?

तिंबणकर:
हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारलंय.

घाईगर्दी:
आहे की. त्यात सध्या डबे ठेवलेत.

कणीकोबा:
डबे काढा! आणि जाळ्या घासून घ्या, गव्हाचे कण तिथेही असतील.

घाईगर्दी:
मशीनवाल्यांना ‘नाही’ असं कळवलं. १९० म्हणजे पंखा चालू ठेवून की बंद?

मळणं_कशाला:
बंद. पंखा चालू ठेवणार असाल तर १७०.