८८ व्या वर्षी लाईट द्यावी का?

आजोबांचं वय ८८, कॅन्सर हाडात पसरलाय, आता लाईट (म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार) देऊन हाल कशाला करायचे, असं एकांनी विचारलंय. वाचून राहवलं नाही.

आमच्या आज्जीला ८६ व्या वर्षी मणक्यात असं दुखायचं की रात्रभर कण्हायची. खानापूर तालुक्यातल्या गावाहून लाईट द्यायला रोज बेळगावला कोण नेणार, हीच आम्हाला मोठी धास्ती. डॉक्टर म्हणाले, दुखणं कमी करायचंय तर एकाच वेळी ८ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) देऊन भागतं. वेदना कमी करण्यात एकदाच दिलेली मात्रा आणि १० दिवसांचा कोर्स सारखेच ठरलेत. फक्त एकदाच दिली तर पुन्हा द्यावी लागण्याची शक्यता जास्त. पहिले दोन दिवस दुखणं उलट वाढलं, आम्ही घाबरलो. असं होऊ शकतं, हे आधीच ठाऊक असू द्या. तीन आठवड्यांनी ती परसात जाऊन तुळशीला पाणी घालू लागली.

बरं करण्यासाठीचा लांब कोर्स ही वेगळी गोष्ट. तिथं आजोबा चालतात किती, जेवतात किती, पाठ टेकून दहा मिनिटं निपचित पडू शकतात का, हे वयाच्या आकड्याआधी डॉक्टरांना सांगा.

पाय लुळे पडले किंवा लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत. नातवंडांना खुशाल जवळ बसू द्या. आमच्याकडं पोरांना लांब ठेवलं होतं, ते आज्जीला फार लागलं.