मोकळं जग की मुरलेली गोष्ट? सांगलीकर गेमर, बोला

विश्रामबागकर:
'स्कायरिम'चं, त्या हवं तिथे भटकता येणाऱ्या मोकळ्या जगाच्या गेमचं, एवढं कौतुक मला कळत नाही. आल्डुइन नावाचा ड्रॅगन जग गिळायला निघालाय आणि आपण खुशाल फुलपाखरं पकडत फिरतोय. तो बिचारा थांबतो! नाट्यपंढरीत राहून गोष्टीचे असे हाल कसे चालतात तुम्हाला? त्यापेक्षा २०१९चा 'डिस्को एलिझियम' बघा. झाडाला लटकलेलं एक प्रेत, पडीक बंदर, आणि दारूत स्मृती घालवून बसलेला पोलीस. फिरायला जागा टीचभर, पण गळ्यातला टायसुद्धा फुकटचे सल्ले देतो.

भडंगवाला:
दिवसभर गणपती पेठेत गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि रात्री टायशी? नको राव. आणि स्कायरिममध्ये गोष्ट नाही असं कोण म्हणतं? फ्रॉस्टफ्लो दीपगृहात गेलात का कधी? तिथे जा म्हणून कुणी सांगत नाही. दारात मेलेला घोडा, आत बाईचं प्रेत, घरभर डायऱ्या. वाचत वाचत तळघरात उतरायचं. त्या घरातल्या बापाच्या अस्थी एका किड्याच्या पोटात सापडतात, त्या वर नेऊन दिव्याच्या आगीत टाकायच्या. त्याची तशी इच्छा होती, तीही डायरीतच. मला स्वतःहून सापडलं म्हणूनच ते लक्षात राहिलं.

विश्रामबागकर:
दीपगृह भारी आहे, मान्य. पण ते लेखकाचं काम, मोकळ्या नकाशाचं नव्हे. आणि मोकळीक तरी कुठली? महत्त्वाच्या माणसावर तलवार चालवली तर तो गुडघ्यावर बसतो आणि थोड्या वेळाने उठतो. त्याच मालिकेतल्या २००२च्या 'मोरोविंड'मध्ये तो मरायचा. भविष्यवाणीचा धागा तुटला, असं गेम सांगायचा आणि पुढे खेळू द्यायचा.

मिरजेचा_पाहुणा:
दोघेही 'न्यू वेगास' हा गेम विसरलात. २०१०चा, ऑब्सिडियन कंपनीने जेमतेम दीड वर्षात केलेला. जवळजवळ कुणालाही मारा. फक्त येस मॅन नावाचा रोबो दुसऱ्या धडात परत येतो, म्हणजे त्याच्या मदतीने शेवटापर्यंत एक तरी वाट उघडी राहते. मोकळीक द्यायची तर लेखकाने आधी एवढा विचार केलेला पाहिजे.

भडंगवाला:
कसली मोकळीक! सुरुवातीलाच सरळ वेगासकडे निघालं की कॅझाडोर नाहीतर डेथक्लॉ असले राक्षसी प्राणी फाडून खातात. मुकाट्याने दक्षिणेकडून वळसा घालायचा.

मिरजेचा_पाहुणा:
सुरुवातीच्या गुडस्प्रिंग्ज गावातल्या शाळेत तिजोरी आहे, तिच्यात स्टेल्थ बॉय, म्हणजे थोडा वेळ अदृश्य करणारं यंत्र. तो घ्या आणि सरळच जा.