मदत हवी आहे: वरच्या वाडीतली पोरं पुन्हा चालत शाळेत जावीत, यासाठी काय काय करता येईल?

अबोली:

मंडळी, थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कोण कसा देणार.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीला लागून. नाव मुद्दाम देत नाही, उगाच कुणाच्या नाकाला मिरच्या नकोत. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट तिसाच्या आसपास. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शाळा खाली, वरची वाडी सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली. वाडीतून यायला दोन वाटा. एक पाखाडी: चिऱ्याच्या पायऱ्या, मध्ये पऱ्या (ओढा), त्यावर साकव (छोटा पूल), मग कलमांच्या बागेच्या गडग्याकडेने (दगडी कुंपणाकडेने) खाली डांबरी रस्त्यावर. पाऊण किलोमीटरसुद्धा नाही. दुसरी गाडीवाट, वळसे घेत दोन किलोमीटर.

वाडीतल्या आधीच्या सगळ्या पिढ्या पाखाडीनेच शिकल्या. आता एकही पोर चालत येत नाही, सगळी टू-व्हीलरवर. पालकांना दोष देत नाही. साकवाचा एका बाजूचा कठडा गेल्या पावसाळ्यात गेला तो गेलाच. जूनपासून पायऱ्यांवर इतकं शेवाळ धरतं की मोठी माणसंही बसून उतरतात. आणि खरी भीती शेवटच्या दीडशे मीटरची. पाखाडी रस्त्याला मिळते ती नेमकी वळणावर. एका बाजूला फणस, त्याखाली करवंदीची जाळी. गडग्याच्या टोकाला उभं राहिलं की येणारी गाडी दिसत नाही, फक्त ऐकू येते. पावसात तेही नाही. रस्ता नवा झाल्यापासून चिरेखाणीचे डंपर इथूनच भरधाव जातात. डांबर संपलं की लगेच गटार, त्यामुळे पोरांनी चालायचं कुठून?

बरं, गाड्यांनी सोडून धोका टळला म्हणावं तर शाळेच्या फाटकासमोर सकाळी या. एक पोर टाकीवर, दोन मागे, दप्तरं हँडलला. त्या घोळक्यात कुणी गाडी वळवतोय, कुणी रिव्हर्स घेतोय, पहिलीतली मुलं मधूनच पळतायत. माझ्या मते सध्या सगळ्यात मोठा धोका आपल्याच गाड्यांचा आहे. हे मी सभेत बोलले तर दोघांना राग आला.

त्याच सभेत महिन्याच्या बोलीवर मॅजिक (छोटी प्रवासी गाडी) लावायचा विषय निघाला. मला पटत नाही. ज्यांचे वडील खलाशी म्हणून बोटीवर जातात त्यांच्याकडे पावसाळ्याचे दोन महिने बंदीमुळे हातात पैसा नसतो, म्हणजे नेमकी तीच पोरं मागे राहणार. आणि पाऊण किलोमीटरसाठी गाडी? जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी अंग हलवावं म्हणते. आमची पोरं घरात मोबाइल, मग गाडी, मग बाक, पुन्हा गाडी.

तर विचारायचं हे की रस्त्यासाठी नेमकं कुणाकडे जायचं? साकव आणि पाखाडीसाठी पैसे कुठून येतात? आणि पालकांचं मन कसं वळवायचं? 1 मेची ग्रामसभा समोर आहे, म्हणून घाई.

सडेकर:

आधी रस्ता कुणाचा ते ठरवा, नाहीतर हे खातं त्या खात्याकडे बोट दाखवत वर्ष जाईल. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्यमार्ग, काळा जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी ग्रामसडकेचा. साधारणपणे प्रमुख जिल्हा मार्गापर्यंतचे रस्ते सार्वजनिक बांधकामकडे आणि इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकामकडे. रस्त्याचा क्रमांक ग्रामसेवकाकडच्या नोंदीत मिळेल. अर्जात क्रमांक नसेल तर अर्ज फिरत बसतो.

स्पीडब्रेकर मागताना नुसतं ‘गतिरोधक बसवा’ लिहू नका. गावोगावी डांबराचा ढीग टाकतात, तो पावसात दुचाकी पाडतो आणि डंपरला काही वाटत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 मध्ये माप दिलंय: 3.7 मीटर रुंद, मध्ये 10 सेंटिमीटर उंच, गोलसर, ताशी 25 च्या वेगाने ओलांडता येईल असा. त्याच्या आधी फलक आणि वर पांढरे पट्टे, तेही अर्जात लिहा. वळणाची जाळी तोडणं आणि बहिर्वक्र आरसा लावणं यांना फार पैसे लागत नाहीत, ते आधी मागा. ग्रामपंचायतीचा ठराव आणि जागेचे फोटो जोडा. आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

कुडाळचो:

आमच्या हयसर पोरां अजून चलतच जातत, काय एक होना नाय. तुमी लोकांनी गाडयेची सवय लावल्यात.

अबोली:

@कुडाळचो, तुमच्याकडे डंपर जात नसतील. @सडेकर, माथा काळा आहे, आजच बघून आले. म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग की इतर, ते ग्रामसेवकांना विचारते.

निवृत्त मास्तर:

ताई, मी अशा डोंगरउताराच्या शाळांवरच नोकरी केली. पालकांना ‘चालत पाठवा’ म्हणून कुणी पाठवत नाही. ‘अमक्या वेळी अमकी बाई वाडीच्या देवळापाशी उभी असेल, तिच्याबरोबर सगळी निघतील’ असं म्हटलं की पाठवतात. परदेशात याला चालती बस म्हणतात, आपल्याकडे पूर्वी नाव नव्हतं एवढंच. एक मोठं माणूस पुढे, एक मागे. रस्त्याचा तुकडा आला की एका ओळीत आणि उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. डाव्या कडेने चाललं की डंपर पाठीमागून येतो. सातवीच्या पोरांना पुढारपण द्या, पण रस्ता ओलांडायचं काम त्यांच्यावर सोपवू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाला गाडी किती वेगात आहे ते उमगत नाही, तिथे मोठं माणूसच हवं.

दप्तराकडेही बघा. 2020 च्या धोरणात पहिली-दुसरीला 1.6 ते 2.2 किलो एवढंच वजन धरलंय. पाखाडी चढायची तर जास्तीची पुस्तकं शाळेच्या कपाटात राहू द्यात.

आणखी एक. तुमच्याकडे जवळची एखादी शाळा बंद होऊन तिथली मुलं येतात का? पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर ही मर्यादा शिक्षण हक्काच्या राज्य नियमांत आहे. त्याहून लांबच्या मुलांना समग्र शिक्षा योजनेतून वाहतूक भत्ता मागता येतो. व्यवस्थापन समितीचा ठराव आणि मुलांची यादी केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायला हवी. मॅजिक लागलीच तर त्या मुलांना लागेल, वरच्या वाडीला नव्हे.

तांबडी माती:

बाई शोधायची कशाला? शाळेत खिचडी शिजवणारी ताई रोज त्याच पाखाडीने जात असेल ना? तिलाच सांगा.

पऱ्यावरची:

वा! तिला मानधन किती मिळतं माहीत आहे का? शिजवा, भांडी घासा, आता पोरंही आणा. आणि उद्या एखादं पडलं तर जाब तिलाच विचारणार. आणायचंच तर समितीने ठराव करून वेगळे पैसे द्यावेत, नाहीतर पालकांनी आठवड्याच्या पाळ्या लावाव्यात. आमच्या वाडीत आज्यांच्या पाळ्या आहेत. आज्या वेळेच्या पक्क्या असतात, आणि नातवंडांमागून उतरताना गप्पाही होतात.

अबोली:

@पऱ्यावरची, पटलं. खिचडीवाल्या काकू तशाही नऊलाच जातात, तांदूळ निवडायचे असतात. पाळ्यांचं बोलते. आमच्याकडे काजूच्या दिवसांत सकाळी बाया मोकळ्या नसतात, पण जून ते जानेवारी जमेल.

@निवृत्त मास्तर, हो, शेजारच्या गावची चार मुलं येतात. हा भत्ता आमच्या शिक्षकांनाही सुचला नव्हता. धन्यवाद.

दवाखान्यातली:

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. शेवाळाइतकंच फुरशाचं, त्या छोट्या विषारी सापाचं, लक्षात ठेवा. आपल्या कातळावर आणि गडग्यांच्या फटीत ते भरपूर, आणि दिसत नाही. पाखाडीच्या दोन्ही कडा हातभर तरी बेणलेल्या (गवत-झुडपं कापलेल्या) हव्यात. एकदा जूनआधी, आणि गणपतीनंतर पुन्हा, तेव्हा गवत कमरेपर्यंत असतं. मुलांना गमबूट, पुढच्या माणसाच्या हातात काठी. फुरसं चावलंच तर वर घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू न देता थेट प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. कुठे साठा आहे ते आत्ताच विचारून शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा.

चाकरमानी बोरिवली:

तुमच्या वाडीचं मुंबई मंडळ असेलच. मे महिन्यात सगळे गावी येणार, सत्यनारायण होणार, क्रिकेटचे सामने होणार. त्यातली एक सकाळ पाखाडीला मागा. वीस माणसं उभी राहिली की बेणणी आणि पायऱ्यांची डागडुजी दुपारच्या जेवणाआधी होते. शेवाळासाठी ग्रामपंचायतीकडची टीसीएल पावडर मिळते, विहिरीत टाकतात तीच. पायऱ्यांवर भुरभुरवून तासाभराने तारेच्या ब्रशने घासायची. पऱ्याच्या जवळ मात्र वापरू नका, मासे मरतात. झिजलेल्या चिऱ्यांना गवंड्याकडून टाकी मारून घ्या. सिमेंटची पाखाडी कुणी देऊ केलीच तर गिलावा गुळगुळीत करू देऊ नका, ओला असतानाच वर खराटा ओढायला लावा. आमच्याकडे आमदार निधीतून चकचकीत पाखाडी झाली, आता पावसात तिच्या कडेच्या मातीतून चालतात.

साकवाचं काम श्रमदानाचं नाही. बांबूचा तात्पुरता कठडा बांधा, पण खरं काम जिल्हा नियोजनाच्या साकवांच्या यादीत घालून घ्या. पाखाडीसाठी ग्रामविकास खात्याच्या 25/15 या लेखाशीर्षातून पैसे येतात, पण त्याला लोकप्रतिनिधीचं पत्र लागतं. चहाला बोलवा त्यांना, सभेत भांडू नका.

अबोली:

हे सगळं कामाचं आहे. मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला, ते तयार आहेत, फक्त सामन्यांच्या दिवशी नको म्हणाले.

आता मुख्य गाठ सांगते, ती कालच सुचली. पाखाडी वळणावर उतरते म्हणून सगळी पंचाईत. पण ती जर गडग्याच्या आतून, बागेच्या कडेकडेने दीडशे मीटर पुढे नेली, तर थेट शाळेच्या फाटकासमोर निघते. तिथे रस्ता सरळ आहे, दोन्हीकडचं लांबपर्यंत दिसतं. पोरांना रस्त्याने चालायचंच नाही, फक्त एकदा ओलांडायचा, तोही गतिरोधकापाशी. बागवाले ठाण्याला असतात. फोनवर म्हणाले, माझी हरकत नाही, पण आज पोरांना वाट दिली की उद्या सगळं गाव जाणार, परवा कोर्टात वहिवाट सांगणार. शिवाय पोरं कैऱ्या पाडतील. (ते पाडतीलच, यावर मी काही बोलले नाही.) यावर काय तोडगा?

सडेकर:

त्यांची भीती खोटी नाही, कोकणात निम्मे दावे वाटेचेच. पण तोडगा सोपा आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वाटेचा हक्क साठायला 20 वर्षं अखंड आणि हक्काने वापर लागतो. मालकाच्या परवानगीने चाललेल्या वाटेवर तसा हक्क साठत नाही. म्हणून तोंडी ‘जा’ म्हणण्यापेक्षा लेखी परवानगी त्यांच्याच फायद्याची आहे, हे त्यांना समजवा. मुदत घाला, दरवर्षी नवी करा. दोन्ही टोकांना बेडं (बांबूचं फाटक) घाला, शाळेच्या वेळाव्यतिरिक्त बंद. गडग्यात माणूस जाईल एवढीच फट ठेवा, म्हणजे गाडीही जाणार नाही आणि गुरंही. सही करण्याआधी तालुक्याच्या वकिलाला एकदा दाखवा.

अबोली:

कुणी मजकूर सुचवेल का? मी लिहिला तर प्रेमपत्र होईल, नाहीतर नोटीस.

निवृत्त मास्तर:

असं लिहा, गट नंबर तेवढा भरा:

‘गट नं. … मधील माझ्या मालकीच्या बागेच्या पूर्व कडेने सुमारे दीड मीटर रुंदीच्या पायवाटेने शाळेतील विद्यार्थी व त्यांच्यासोबतचे पालक यांना शाळेच्या दिवशी येण्याजाण्यास मी स्वखुशीने परवानगी देत आहे. ही परवानगी 15 जून ते 30 एप्रिल या एका शैक्षणिक वर्षापुरती असून ती मी केव्हाही एक महिन्याच्या लेखी सूचनेने मागे घेऊ शकेन. या वापरामुळे कोणासही सदर जागेत वहिवाटीचा अथवा अन्य कोणताही हक्क प्राप्त होणार नाही. बेडे, गडगा व साफसफाई यांची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीची राहील.’

खाली त्यांची सही, समितीच्या अध्यक्षांची आणि मुख्याध्यापकांची सही, दोन साक्षीदार. सोबत हाताने काढलेला नकाशा, त्यावरही सह्या. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. आणि समितीचा ठराव त्याच तारखेचा ठेवा, मागाहून केलेला ठराव लोकांना लगेच कळतो.

अबोली:

मास्तर, उद्याच टाइप करून ठाण्याला पाठवते. ‘केव्हाही’ हा शब्द आमच्या बाजूने जरा जड वाटतो, तिथे ‘शैक्षणिक वर्ष संपल्यावर’ चालेल का ते त्यांना विचारून बघते. नाही म्हणाले तर तुमचाच मजकूर कायम. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेसाठी गतिरोधक, जाळी, आरसा आणि साकव असे चार विषय आज लेखी दिले, पोच घेतली.

चाकरमानी बोरिवली:

बेड्यासाठी बांबू आमच्याकडून न्या, राजापूरला येतानाच गाडीवर टाकून आणतो.