सागवानी टेबलाला मे महिन्यात तडा गेला – मदत हवी आहे

शिसवी:
जेवणाच्या टेबलाचा वरचा फळा घरीच जोडला होता. साग, पाच फळ्या, एकूण 1500 × 900 मिमी, जाडी 28 मिमी. जोडकाम ऑगस्टमध्ये चिपळूणला झालं, टेबल दिवाळीनंतर पुण्यात आणलं. आता मे महिन्यात एका टोकाकडून तडा गेला आहे. लांबी 420 मिमी, टोकाशी फट 4 मिमी. तडा सांध्यात नाही, सांध्यापासून साधारण 12 मिमी अंतरावर अख्ख्या लाकडात आहे. फळा वाकू नये म्हणून खालून 25 मिमी जाडीच्या दोन आडव्या पट्ट्या फेव्हिकॉल लावून स्क्रूने घट्ट बसवल्या आहेत. वरून पॉलिश आहे, खालची बाजू कोरी.
लाकूड कच्चं होतं का? की फेव्हिकॉल चुकीचं वापरलं? आणि फट लांबी (पुट्टी) भरून बुजवली तर चालेल का?

गुण्या:
फेव्हिकॉलचा दोष नाही. सांधा शाबूत राहून शेजारचं लाकूड फाटलं, म्हणजे सांधा लाकडापेक्षा बळकट निघाला. दोष त्या दोन आडव्या पट्ट्यांचा आहे.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पूर्ण ओला साग पूर्ण सुकेपर्यंत आडव्या चिरणीच्या फळीत (वाढीची वलयं रुंदीला जवळजवळ समांतर) रुंदीला साधारण 5.3 टक्के आकसतो, उभ्या चिरणीत (वलयं रुंदीला काटकोनात) त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. पावसाळ्यात कोकणात लाकडातला ओलावा 16 टक्क्यांच्या आसपास धरा, पुण्याच्या उन्हाळ्यात 8. हिशोब असा:

900 × 0.053 × (16 − 8) ÷ 28 = सुमारे 14 मिमी

खालचा 28 हा ओलाव्याचा टक्का आहे. त्याच्या खाली आलं की लाकूड आकसायला लागतं. तुमच्या फळ्यांत दोन्ही चिरणी मिसळलेल्या असतील तर आकडा 6 ते 14 च्या मधे कुठेतरी येईल. फळ्याला इतकं आत यायचं होतं, पण पट्टीची लांबी फळ्याच्या रुंदीच्या दिशेत, म्हणजे ती आकसणार नाही. चिकटवून धरल्यावर फळा सर्वांत कमजोर जागी फाटणारच.

लांबी अजिबात भरू नका. पावसाळ्यात फळा फुगेल, फट मिटायला जाईल आणि आत भरलेली लांबी पाचरीसारखं काम करून तडा पुढे सरकवेल.

फणसफळी:
तड्यावर खालून फुलपाखराच्या आकाराच्या दोन पाचरी बसवल्या तर? 10 मिमी खोल, शिसवाच्या. फळा कापावा लागणार नाही.

गुण्या:
पाचर तडा धरून ठेवते, कारण काढत नाही. पट्ट्या तशाच राहिल्या तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे फाटेल. आधी पट्ट्या काढा, मग पाचरीचा विचार.

शिसवी:
पट्ट्या काढायच्या कशा? स्क्रू निघतील, पण फेव्हिकॉलही लावलं आहे.

काटकोन:
उपटू नका, फळ्याच्या खालच्या बाजूचे कपचे निघतील. स्क्रू काढा. मग पट्टीला दर 40 मिमीवर आडवे काप द्या, हातकरवतीने, फळ्यापासून 1 मिमी अलीकडे थांबून. आता पट्टीचे सुटे ठोकळे झाले. 25 मिमीची पटाशी सपाट बाजू फळ्याकडे करून ठोकळ्याच्या कापलेल्या टोकाला सांध्याच्या किंचित वर लावा आणि मोगरीने हलके ठोके द्या. ठोकळा स्वतःच्या रेषेत सोलून निघतो. उरलेली 1 मिमीची पापडी रंध्याने. शेवटचा फेव्हिकॉलचा थर सुटत नसेल तर ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवा, उष्णतेने तो मऊ पडतो.

पट्ट्या निघाल्या की फळा चार-पाच दिवस दोन ठोकळ्यांवर मोकळा ठेवा, खालून-वरून हवा लागेल असा. मग एक क्लॅम्प लावून बघा. एका हाताच्या जोराने फट पूर्ण मिटत असेल तर तड्यात पातळ पुठ्ठ्याने फेव्हिकॉल आतपर्यंत ढकलून क्लॅम्प करा, काम झालं. जोर लावावा लागत असेल तर थांबा. जबरदस्तीने मिटवलेली फट तो ताण धरून ठेवते आणि पुन्हा उघडते. मग तड्याच्या रेषेने फळा पूर्ण लांबीत चिरून पुन्हा जोडायचा. 6 ते 8 मिमी रुंदी जाईल, टेबलावर बसलेल्याला कळणारही नाही.

जोडताना:
– दोन्ही तुकडे पुस्तक मिटल्यासारखे समोरासमोर धरून शेगड्यात (बाकाच्या व्हाइसमध्ये) आवळा आणि दोन्ही कडा एकत्र रंधा. रंधा थोडा कलला तरी एकीची चूक दुसरीत जिरते, उघडल्यावर फळा सपाट.
– लांब रंधा वापरा. मधोमध अर्धा मिमी फट राहू द्या, टोकं आधी टेकली पाहिजेत. टोकांकडून लाकूड लवकर सुकतं, तिथे दाब जास्त हवा.
– साग तेलकट. रंधलेली कड अ‍ॅसिटोनने पुसा आणि तासाभरात चिकटवा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.
– 1500 मिमीला सात क्लॅम्प, एक वरून एक खालून. सांध्यातून फेव्हिकॉलचे बारीक मणी पूर्ण लांबीत यायला हवेत. सगळं बाहेर येईल इतकं आवळू नका.
– क्लॅम्प 24 तास. रंधा मात्र चार दिवसांनी. फेव्हिकॉलच्या पाण्याने कड फुगलेली असते. लगेच सपाट केली तर सुकल्यावर सांध्यावर बारीक पन्हळ पडते, आणि पॉलिशखाली ती फार उठून दिसते.

शिसवी:
मग फळा वाकू नये म्हणून काय करायचं? आणि चौकटीवर बसवायचा कसा?

गुण्या:
पट्ट्या हव्याच असतील तर फेव्हिकॉलशिवाय. मधला स्क्रू गोल भोकात, बाकीचे फळ्याच्या रुंदीच्या दिशेत लांबट भोकांत, टोकाचं भोक 14 मिमी लांब. बसक्या (खाली निमुळत्या) डोक्याचा स्क्रू नको, तो भोकात रुतून अडतो. खालून सपाट डोकं आणि वॉशर.

चौकटीला लाकडी बटणं (एका टोकाला जीभ असलेले छोटे ठोकळे) उत्तम. बटण 50 × 30 × 20 मिमी, जीभ 15 मिमी लांब. चौकटीत आतून 8 मिमी रुंद, 16 मिमी खोल खाच. बटण फळ्याला स्क्रूने, जीभ खाचेत. खाच जिभेपेक्षा अर्धा मिमी खाली ठेवा म्हणजे फळा खेचला जातो. हे सगळे चुकवतात ते ऋतूचं: आता उन्हाळ्यात बसवताना लांब बाजूंच्या बटणांच्या खांद्याला (जीभ सुरू होते ती पायरी) चौकटीपासून 7-8 मिमी मोकळी जागा ठेवा, कारण फळा बाहेर फुगणार आणि जीभ आत सरकणार. पावसाळ्यात बसवत असाल तर खांदा चौकटीला टेकवून, म्हणजे जीभ बाहेर यायला वाव राहतो. आखूड बाजूंना बटण खाचेतून सरकतं, तिथे फक्त मधोमध एक स्क्रू पक्का.

काटकोन:
खालच्या बाजूलाही वरइतकेच हात पॉलिशचे द्या, टोकांच्या कापांना एक हात जास्त. एकच बाजू बंद असली की दोन्ही बाजू वेगळ्या वेगाने सुकतात आणि फळ्याची वाटी होते.

शिसवी:
नवीन पट्ट्यांसाठीचं लाकूड सुकलं आहे का, मीटर नसताना कसं तपासू?

फणसफळी:
फळीच्या टोकापासून 300 मिमी आत एक तुकडा कापा, निदान 200 ग्रॅमचा. टोकाजवळचा घेऊ नका, तो नेहमी जास्त सुका असतो. लगेच स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करा. मग ओटीजीत 105 अंशांवर ठेवा आणि दोन-दोन तासांनी वजन बघा. लागोपाठ दोनदा तेच आलं की ते सुकं वजन. पहिल्या वजनातून सुकं वजा करा, सुक्याने भागा, 100 ने गुणा. 224 ग्रॅमचा तुकडा 200 वर थांबला तर ओलावा 12 टक्के. पुण्यात घरात वापरायला 12 पर्यंत ठीक. 15 निघाला तर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, भिंतीपासून लांब, महिनाभर त्याच खोलीत रचून ठेवा आणि पुन्हा मोजा.