दसऱ्यानंतरची डोंगरातली गाडी

(‘सहल – ज्येष्ठ आणि मंडळी’ ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे. शनिवार सकाळ.)

मेधाताई, बी-५०२: सगळ्यांना नमस्कार. काल क्लब हाऊसमध्ये बोलणं झालं ते इथे लिहून ठेवते. आपण आठ जण नक्की. स्वित्झर्लंडची ‘ग्लेशियर एक्स्प्रेस’, झरमाट ते सेंट मॉरिट्झ. त्यातला एक्सलन्स क्लास : अख्ख्या डब्यात फक्त २० जागा, प्रत्येकाला खिडकी, जेवण जागेवर. यंदा अधिक महिन्यामुळे नवरात्र उशिरा आहे आणि तिघींच्या घरी घट बसतात, म्हणून दसरा झाल्यावर निघायचं आणि दिवाळीआधी परत यायचं. एजंटने २३ ऑक्टोबरची गाडी सांगितली आहे. सोमवारी अ‍ॅडव्हान्सचा चेक मागतोय. देऊ का?

निशा, सी-८०१: मेधाताई, चेक देऊ नका. ती गाडी त्या दिवशी धावतच नाही.

मेधाताई: अगं पण त्याने कागदावर लिहून दिलंय!

निशा: ग्लेशियर एक्स्प्रेस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत बंद असते, दरवर्षी. रेल्वेच्या स्वतःच्या वेळापत्रकात दिसतं, लिंक तुम्हाला वेगळी पाठवते. एजंटला बहुतेक माहीतच नसेल. आयत्या वेळी साध्या गाडीत बसवून ‘मार्ग तोच आहे’ म्हणतात. माझ्या मावशीला असंच केलं होतं. रिझर्वेशनच काढलं नव्हतं, आणि ते तिला कळलं थेट प्लॅटफॉर्मवर. ६८ वर्षांची बाई सामान घेऊन उभी.

सुमनकाकू, ए-२०४: अरे देवा. मग आता काय? मी तर लेकीला सांगूनसुद्धा टाकलं.

निशा: काकू, सहल रद्द करायचं काहीच कारण नाही. मी दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच गेले होते. दुपारी सविस्तर लिहिते, आत्ता बाजारात आहे.

सेक्रेटरी: सूचना : उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई. बी आणि सी विंगने पाणी भरून ठेवावे.

सुहासकाका, ए-१०३: निशा, लिहिशील तेव्हा चढ किती आहे तेही लिही. मला त्यातच रस आहे.

अनिकेत, सी-३०२: एक विचारू का? एवढं लांब कशाला? आपली डेक्कन ओडिसी आहे की. तीही राजेशाही.

सुहासकाका: अनिकेत, ती गाडी उत्तमच आहे, पण तिचा बराचसा प्रवास रात्री होतो. रात्री गाडी चालते, दिवसा उतरून स्थळं बघायची. किल्ले, लेणी बघायला छान. डोंगर बघायचा तर गाडी उजेडात चालली पाहिजे. घाट अंधारात गेला म्हणजे गेलाच.

निशा: आता बसून लिहिते. लांबेल, पण सगळ्यांनी वाचा, पैसे आपल्या सगळ्यांचे आहेत.

आधी ग्लेशियर एक्स्प्रेसबद्दल, म्हणजे ‘हुकली’ असं कोणाला वाटायला नको. गाडी १९३० साली सुरू झाली. सुमारे २९१ किलोमीटर, ९१ बोगदे, २९१ पूल आणि वेळ आठ तास. म्हणजे ताशी पस्तीस-छत्तीस किलोमीटर, आपली घोडबंदरची संध्याकाळ! गाडी अप्रतिम आहे, त्यात वादच नाही. पण जिच्यावरून नाव पडलं ती र्‍होन हिमनदी आता त्या गाडीतून दिसत नाही. १९८२ मध्ये फुर्काचा १५ किलोमीटरचा बोगदा झाला आणि गाडी डोंगराखालून जायला लागली. ब्रोशरमध्ये हे कोणी छापत नाही.

आता आपली गाडी. तिचं नाव ‘बर्निना एक्स्प्रेस’, कूर ते तिरानो. ही वर्षभर धावते. चार तासांच्या थोडी वर. कूर स्वित्झर्लंडमध्ये, तिरानो इटलीत, पण शेंगेन व्हिसा एकच चालतो, फक्त पासपोर्ट जवळ ठेवायचा. २००८ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेला रेल्वेमार्ग तो हाच, आल्बुला आणि बर्निना. ग्लेशियर एक्स्प्रेसचा जो तुकडा सगळ्यांत देखणा म्हणतात, लांडवासरचा पूल वगैरे, तो याच मार्गावर येतो. पूल ६५ मीटर उंच, कमानी दगडी, वळणावर बांधलेला, आणि पूल संपतो तिथे समोर सरळ कडा. गाडी कड्याच्या पोटातल्या बोगद्यातच शिरते. मधे चार पावलं जमीनसुद्धा नाही.

त्यानंतर बेर्ग्युन ते प्रेदा. या दोन स्टेशनांच्या उंचीत ४१६ मीटरचा फरक. पक्षी पाच-साडेपाच किलोमीटरमध्ये पोचेल, रूळ मात्र साडेबारा किलोमीटर फिरवलेत, डोंगराच्या आत गोल गोल बोगदे काढून, म्हणजे चढ आवाक्यात राहतो. बेर्ग्युनच्या चर्चचा मनोरा आधी एका बाजूला दिसतो, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या, आणि दर वेळी आणखी खाली. आईने तिसऱ्यांदा बघितला आणि मला विचारलं, “हे देऊळ आपल्याबरोबर चालतंय का गं?”

आणि आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी ऑक्टोबरचा शेवटच धरायचा. तिथे लार्च नावाचं झाड आहे. दिसायला सुरूच्या जातीचं, सुयांसारखी पानं, पण हे झाड थंडीआधी पानं गाळतं. गाळण्याआधी पंधरा-वीस दिवस अख्खं झाड पिवळं होतं. आपल्याकडे मे महिन्यात बहावा फुलतो ना, तो रंग. एक झाड नाही, डोंगरच्या डोंगर. मधे हिरवे पाइन आणि वर नवीन पडलेला बर्फ. सेंट मॉरिट्झच्या आसपासच्या त्या खोऱ्याला एंगाडिन म्हणतात, तिथे हा रंग ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत असतो, वर-खाली आठवडा धरा. आपल्या तारखा त्यातच बसतात. घटांमुळे उशीर झाला तो चांगल्यासाठीच झाला.

सुमनकाकू: वाचून अंगावर काटा आला गं.

सुहासकाका: चढ?

निशा: काका, आल्बुलावर १००० मीटरला ३५. बर्निनावर १००० ला ७०. चढावर गाडी घसरू नये म्हणून मधे बसवतात तो दातेरी रूळ कुठेच नाही.

सुहासकाका: १००० ला ७० म्हणजे चौदाला एक. परत एकदा बघ, आकडा चुकला नाही ना.

निशा: नाही चुकला. १९१० पासून आहे. सगळ्यांत उंच जागा २२५३ मीटर आणि तिरानो ४२९ मीटर. हा उतार गाडी नुसत्या चाकांवर उतरते.

सुहासकाका: मग मी येतो. आत्तापर्यंत मी ‘बघू’ म्हणत होतो, आता नक्की धरा.

सांगतो कारण. मी कर्जतला बँकरवर होतो, बरीच वर्षं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बोरघाट सदतिसाला एक आहे. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. एवढ्या चढाला गाडी एका इंजिनाला ऐकत नाही, म्हणून कर्जतला मागून जास्तीची इंजिनं लावतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. ते बँकर. पावसात रूळ ओले झाले की चाक जागच्या जागी फिरतं, मग वाळू सोडायची, हलक्या हाताने. समोर दिसतो गाडीचा शेवटचा डबा. बाकी घाट बाजूने जातो. पॅसेंजर दारात उभे राहून धबधबे बघायचे, ओरडायचे. माझं लक्ष करंटच्या काट्यावर. इतकी वर्षं घाटात काढली, पण घाट बसून बघितला नाही.

आपली माथेरानची गाडी विसाला एक आहे, तीही १९०७ ची, आणि तिथे आम्ही सगळे कौतुकाने बघायचो. चौदाला एक, साध्या रुळावर, शंभराहून जास्त वर्षं. मला ते उतरताना ब्रेक कसे लावतात ते कानाने ऐकायचंय.

मेधाताई: सुहासराव, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

अनिकेत: काका, पण चौदाला एक जमतं कसं?

सुहासकाका: हलके डबे, मीटर गेज, आणि ओढणाऱ्या डब्याच्या चाकांच्या प्रत्येक जोडीला मोटर. वजन सगळं ओढणाऱ्या चाकांवर पडलं की पकड मिळते. आपल्याकडे मालगाडी चढवायची असते, हजारो टन. त्यांच्याकडे माणसं. हिशेबच वेगळा.

निशा: काका, तुमच्यासाठी अजून एक. बेर्ग्युनला उतरलात तर स्टेशनाशेजारी रेल्वेचं संग्रहालय आहे, आणि बाहेर जुनं तपकिरी ‘क्रोकोडाइल’ इंजिन, मगरीसारखं लांब नाकाचं, उभं आहे.

सुहासकाका: क्रोकोडाइल आमच्या घाटातही होतं! डब्ल्यूसीजी-१. मालगाड्यांसाठी जीआयपी रेल्वेने, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेने, १९२८ च्या सुमारास आणलं, स्विस घाटांच्या इंजिनावरूनच घेतलेला आराखडा. आम्ही त्याला खेकडा म्हणायचो, थांबल्यावर कण्हायचं म्हणून. बेर्ग्युनला उतरायचंच.

सुमनकाकू: मला एक सांगा, माझे गुडघे. चढ-उतर किती? आणि माझं शाकाहारी, कांदा-लसूण चालतं.

निशा: काकू, आईचे गुडघे तुमच्यासारखेच. गाडीची पायरी आपल्या लोकलपेक्षा सोपी, आणि गाडी वेळेवर येते, त्यामुळे पळापळ नाही. सामान मात्र एक मध्यम बॅग, स्वतःला उचलता येईल एवढीच. शाकाहारीचं सांगून ठेवावं लागतं. मेथीचे ठेपले आणि चटणी नेली की दोन दिवस निर्धास्त.

राहायचं कुठे, यावर माझं ठाम मत आहे. सेंट मॉरिट्झला नको. ऑक्टोबरअखेर तिथे उन्हाळा संपलेला आणि बर्फाचा हंगाम सुरू व्हायचाय, त्यामुळे बरीच हॉटेलं आणि केबल कार बंद. कूरला राहा. जुनं गाव आहे, वर्षभर जागं असतं, सपाट आहे, स्टेशनजवळ सगळं मिळतं.

जाताना पॅनोरमा डब्यात पहिला वर्ग घ्या, काचा छतापर्यंत वळलेल्या, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक सीट. आपली लक्झरी एवढीच ठेवू आणि तिच्यावर पैसे खर्च करायला काही हरकत नाही, कारण ज्येष्ठांना चार तास आरामात बसता आलं पाहिजे. कूरहून निघताना उजवी बाजू मागा, लागो बियांको तळ्याचं पाणी त्या बाजूला येतं. स्विस ट्रॅव्हल पासात भाडं येतं, पण सीटचं रिझर्वेशन वेगळं, सक्तीचं. मावशीचं नेमकं हेच राहिलं होतं.

परत येताना मात्र साधी गाडी. रूळ तेच, डोंगर तोच, दर तासाला असते, आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. पॅनोरमाच्या काचा उघडत नाहीत, फोटोत आपलंच तोंड येतं. आम्ही साध्या गाडीने आल्प ग्र्युमला उतरलो. २०९१ मीटर, स्टेशन म्हणजे दगडी घर, समोर पाल्यूची हिमनदी लोंबलेली. गाडी निघून गेली आणि एकदम इतकं शांत झालं की आईची कानटोपी शालीला घासल्याचा आवाज मला आला. तासभर पुढच्या गाडीची वाट बघितली. खालच्या बाजूच्या लार्चच्या सुया वाऱ्याने वर येत होत्या. आईच्या मांडीवर पाच-सहा पडल्या, तिने चिमटीत धरून बघितल्या. टोचतील वाटलं होतं, पण कोथिंबिरीच्या काडीसारख्या मऊ. ती काही बोलली नाही, त्या सुया रुमालात बांधून ठेवल्या आणि गाडी येईपर्यंत त्या हिमनदीकडे बघत बसली. बाबा गेल्यानंतर तिला इतकी स्वस्थ मी तेव्हाच पाहिली. म्हणून मी एवढं लिहितेय. अंगात ताकद आहे तोवर जाऊन या.

सुमनकाकू: निशा, मी येते. गुडघ्यांना कॅप घालीन.

मेधाताई: मीही वाचून थांबलेच होते जरा. बरं, आता कामाचं. एजंटला मी आजच नाही कळवते. मग पुढे काय करायचं?

निशा: व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. इतकं ताणू नका, अपॉइंटमेंट भरलेल्या असतात. फी मोठ्यांना ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्टच्या मुदती आजच बघा, परतल्यावर तीन महिने तरी उरायला हव्यात. आणि दिवस निवडताना एक बघा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. मग साडेपाचला अंधार. सकाळचीच गाडी घ्यायची.

अनिकेत: रिझर्वेशन मी बघतो. आठही जणांची सीट नंबरसकट प्रिंट ग्रुपवर टाकतो, म्हणजे प्लॅटफॉर्मवर काही कळायला नको.

सुमनकाकू: चार तास एका जागी बसवेल का ते आधी बघायला हवं गं. शंका आहे मला.

सुहासकाका: त्याची सोय माझ्याकडे. पुढच्या रविवारी सकाळची डेक्कन एक्स्प्रेस, ठाण्याला थांबते. तिला विस्टाडोम डबा आहे, काचेचं छत. लोणावळ्याला उतरायचं, जेवायचं, संध्याकाळी परत. पाऊस आहे, घाट भरून वाहत असेल. सुमनताई, पाय कसे राहतात ते तिथेच कळेल.

मेधाताई: मी, सुमन, निशाची आई... निशा, आई येतील?

निशा: विचारलं. स्वेटर लागेल का विचारतेय.

सुहासकाका: स्वेटर नको, छत्री आणा. मंकी हिल आलं की सांगतो, तिथून मागे बघा, आम्ही ढकलत आलेली वाट दिसते. मला खिडकीची जागा ठेवा.

अनिकेत: काका, तुमची पहिली काढली.